कारागीर गेला की काळा पडदा

आलापल्लीत माझ्या लेकीचा फोटो स्टुडिओ आहे. ती फोटो काढते, मी दुकानात बसते आणि कोण कशाला हात लावतो ते पाहते.

तिच्या कम्प्युटरात दोन डिस्क आहेत. प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरतो, एक मेली तर दुसरी राहते. त्याला रेड म्हणतात. हे मला लगेच पटलं. आम्हीही धानाचं बियाणं कधी एका घरी ठेवलं नाही, अर्धं भावकीत ठेवायचो.

पावसाळ्याच्या तोंडावर तिने नवी सिस्टम टाकायला चंद्रपूरहून कारागीर बोलावला. फोटोंना धक्का लागणार नाही, असं तो कोणी न विचारता सांगत होता. तेव्हाच मी खुर्ची जवळ ओढली. आत भामरागडकडच्या एका लग्नाचे फोटो होते. कॅमेऱ्यातून ते पुसून झाले होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. नवरीचा बाप दोन दिवसांनी न्यायला येणार होता. नद्या चढल्या की त्याचा रस्ता बंद.

काम झालं, आमच्यासमोर चालू झालं, तो गेला. संध्याकाळी लेकीने बटण दाबलं तर काळा पडदा. सुरू व्हायला डिस्कच सापडत नाही, असं त्यावर आलं.

सकाळी तो परत आला. मला म्हणतो, "आजी, वायर तं नाई हलवली?"

"माह्याकडे काऊन पाहून राह्यला? कम्प्युटरकडे पाह्य."

त्याने पेनड्राइव्ह खोचला, बटण दाबलं. चालू. "पाहा, काहीच झालं नाई," म्हणून हसत बसस्टँडवर गेला. लेकीने बंद करून पुन्हा लावलं. काळा पडदा.

तो असला की चालतं, गेला की मरतं. मी म्हटलं, "हा काहीतरी खिशात घालून नेते."

"माय, हळू बोल. फोन केला, येऊनच राह्यले ते."

आल्यावर त्याने बराच वेळ खटपट केली. दोन्ही डिस्क चांगल्या निघाल्या. शेवटी म्हणाला, "बाई, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागते."

"अन् फोटो?"

"फोटो जातीन."

मी बोलले. "थांब. आमच्याकडे विहिरीची मोटार दुरुस्त झाली तरी कारागिराची हत्यारं पिशवीत गेल्यावर चालवून पाहतात. तोवर काम झालं म्हणत नाई. सकाळी चालवलं तसं चालव पहिले."

त्याने पेनड्राइव्ह खोचला. चालू झालं.

"हा कोणाचा?"

"माहा."

"मंग काढ. पिशवीत टाक. पिशवी इकडे दे."

बंद करून लावलं. काळा पडदा. पेनड्राइव्ह परत खोचला, चालू. लेक म्हणाली, "भाऊ, बूटलोडर तुमच्या पेनड्राइव्हवर बसला." मग मला समजावलं. सिस्टम डिस्कवरच होती, पण तिला उठवणारा छोटा तुकडा याच्या पेनड्राइव्हवर गेला होता. म्हणजे घर आमचं आणि किल्ली याच्या खिशात.

"चुकून झालं. टाकताना जागा पाहाची राह्यली," तो म्हणाला.

चुकून झालं की पुन्हा बोलावणं यावं म्हणून, ते मी अजून ठरवलेलं नाही.

त्याने तो तुकडा डिस्कवर टाकला. पिशवी माझ्या मांडीवर ठेवून चालू केलं. चाललं. लेकीला हायसं वाटलं. मी म्हटलं, "डिस्का दोन हायत ना? एक काढून दाखव."

एक काढली. पुन्हा काळा पडदा. तुकडा एकीवरच टाकला होता, नेमकी तीच काढली गेली.

"आजी, तुम्ही तं पोलिसात पाह्यजे होत्या."

"तू चोरात जाऊ नको म्हंजे झालं."

मग त्याने तो दुसरीवरही टाकला. एकेक काढून दोन्हींवर चालवून दाखवलं. काढलेल्या डिस्कवर दुसरीवरचं सगळं पुन्हा उतरेपर्यंत दुपार गेली. तोवर मी त्याला उठू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवरीचा बाप आला. लेकीने फोटो दाखवले. त्याने एकेक नीट पाहिला, मग आधी तिच्याकडे, नंतर माझ्याकडे पाहून विचारलं, "सगळे हेच ना? काही ठेवून तं नाई घेतले?"

लेकीला राग आला. मला माणूस आवडला. त्याच्यासाठी चहा सांगितला.