मोठ्या पाव्याची पकड

वहिनींच्या पोटात दुखायला लागलं ते एका रविवारी सकाळी सव्वादहाला, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, सात माणसांच्या देखत. कुणाला कळलं नाही, कारण त्या हसत होत्या. इतकंच नाही, टाळ्याही वाजवत होत्या.

झालं होतं एवढंच, की त्यांच्या धाकट्या नणंदेने आयुष्यात पहिल्यांदा मोठा पावा हातात घेतला, बोटं पसरली, फुंकर घातली आणि सगळ्यांत खालचा सूर लागला. घट्ट बंद केलेल्या दारापलीकडे कुणीतरी तोंड मिटून गुणगुणावं, तसा तो सूर. वहिनी सहा वर्षं त्याची वाट पाहत होत्या. नणंद त्या खोलीत येऊन तिसरा रविवार होता.

ही पावेवाली मंडळी म्हणजे काही बडे कलाकार नव्हेत. वाचनालयाने रविवारी दहा ते बारा एक खोली दिलेली, तिथे आठ जण जमायचे. शिकवणारे गृहस्थ निवृत्त प्लंबर. त्यांना सगळे नळवाले म्हणायचे, आणि ते ओ द्यायचे. उभे धरून वाजवायचे, शिट्टीसारख्या तोंडाचे, सहा भोकांचे पावे ते स्वतः ॲल्युमिनियमच्या नळीतून कापून करायचे. छोटे पावे प्रत्येकाकडे होते. मोठा मात्र एकच. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतच्या हाताहून लांब, आणि भोकं एकमेकांपासून इतकी दूर, की जणू त्यांचं आपसात भांडण झालंय. त्या जाडीची नळी पुन्हा मिळाली नाही म्हणून नळवाल्यांनी दुसरा केला नाही. सुरुवातीला तो पावा आठवडाभर एकाच्या घरी राहायचा, पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या. त्याची पिशवी वहिनींनीच एका जुन्या पँटच्या पायाची शिवलेली होती, तळाशी दुहेरी टीप घालून.

बाकीच्यांनी त्या पाव्यापुढे केव्हाच हात टेकले होते. वहिनींनीही दोनतीनदा हात लावून पाहिला होता, पण नळवाले एकदा सहज म्हणाले होते, "तुमचा हात लहान पडतो हो." त्या वाक्याने वहिनी गप्प बसल्या, पण आशा काही सुटली नव्हती. आपल्याला नाही तर कुणालाच नाही, ही एक समजूत होती आणि ती पुरत होती. आता तीही गेली.

त्यातून आणखी एक सल होता. सहा वर्षं त्या खोलीत त्यांना सगळे ताई म्हणायचे. नणंद पहिल्या दिवशी आली आणि दारातूनच म्हणाली, "वहिनी, इथे बसू का?" झालं. पुढच्या रविवारपासून त्या मंडळीतल्या भाजीवाल्यापासून स्वतःहून पंधरा वर्षांनी मोठ्या नळवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या वहिनी झाल्या. आपल्याच खोलीत आपण कुणाच्या तरी कुणीतरी झालो, हे त्यांना घरी जाऊन भांडी घासताना नीट कळलं.

नणंद तशी गुणी. दातांच्या दवाखान्यात फोन घेणारी, रोग्यांना धीर देणारी, बेचाळिशीची, एकटी, वहिनींच्या घराच्या अगदी वरच्या मजल्यावर राहणारी. तिची बोटं लांब आणि निमुळती. वहिनींचा शिवणकामाचा व्यवसाय, खरं तर दुरुस्तीचा. पँटची उंची कमी करा, चेन बदला, कोटाचं अस्तर काढून नवं लावा, झिजलेली कॉलर उलटवा. तीस वर्षं सुई धरून त्यांची बोटं टोकाशी जाड आणि शहाणी झाली होती. अंधारात धागा ओवतील अशी, पण आखूड.

नळवाल्यांनी त्याच रविवारी आणखी एक गोष्ट जाहीर केली. वाचनालयाची दुरुस्ती संपत आली होती, दोन महिन्यांत नवं दालन उघडणार होतं, आणि त्या दिवशी ही मंडळी वाजवणार होती. त्यातल्या एका संथ सुरावटीत मोठा पावा सगळ्यांच्या खालून एकटा चालणार होता. कोण वाजवणार ते दीड महिन्याने ठरवू, असं म्हणून त्यांनी पावा नणंदेच्या हातातून घेतला आणि, देव जाणे का, वहिनींपुढे धरला. "पहिला आठवडा तुम्ही न्या. पिशवी तुमची ना."

पिशवीमुळे पावा मिळाला, हे वहिनींना झोंबलं. पण नेला.

तो आठवडा काही विचारू नका. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या पावा घेऊन बसायच्या. छोट्या पाव्यावर बोटांची टोकं भोकांवर ठेवायची सवय. इथेही त्यांनी टोकं ठेवली. वरच्या हाताची तीन कशीबशी पोचली. खालच्या हाताची पोचायला बोटं इतकी ताणावी लागली, की पंजा खेकड्यासारखा दिसू लागला. एक भोक झाकावं तर दुसरं उघडं. मग त्यांनी दाबलं. जोर लावला. टोकांवर भोकांचे गोल लालबुंद वण उमटले, आणि पाव्यातून खर्जाऐवजी अशी किंकाळी निघाली की आतल्या खोलीतून यजमानांचा आवाज आला, "तीन झाल्या. गॅस बंद करू का?"

यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, डोळ्याला भिंग लावून. त्यांना विनोद सुचला की तो करावाच लागायचा.

"तुमच्या बहिणीला विचारा," वहिनी म्हणाल्या. "तिला येतं सगळं."

यजमानांनी तो सल्ला खरंच मानला असावा, कारण संध्याकाळी नणंद खाली आली. वहिनींनी तिला बोटं कशी ठेवतेस ते विचारलं. विचारताना जिभेला जेवढे कष्ट पडले तेवढे त्या दिवशी बोटांनाही पडले नव्हते. नणंद म्हणाली, काही विशेष नाही हो वहिनी, नुसती ठेवायची, आपोआप बसतात. तिला खरंच माहीत नव्हतं. पण जळणाऱ्या माणसाला समोरच्याचं अज्ञान दिसत नाही, दिमाखच दिसतो. वहिनींनी त्या रात्री भाजीत मीठ दोनदा घातलं.

पुढचा आठवडा नणंदेचा. छतातून तो खालचा सूर यायचा, संध्याकाळी सहाच्या सुमारास, ती दवाखान्यातून आली की. वहिनी मशीनचं पायडल जोरात मारायच्या म्हणजे तो ऐकू येऊ नये, आणि मग पाय थांबवून ऐकायच्या, कुठे चुकतंय का ते. फारसं चुकायचं नाही.

पकड सापडली ती तिसऱ्या आठवड्यात, एका कोटाच्या अस्तरापायी. कापड असं निसरडं, की माशासारखं हातातून सुटत होतं. वहिनी टीप घालत होत्या आणि मन अर्थातच वरच्या मजल्यावर होतं. मध्येच त्यांची नजर स्वतःच्या डाव्या हातावर गेली. तो हात कापडावर सपाट पडला होता. बोटं सरळ, एकमेकांपासून दूर, आडवी. टोकं वर उचललेली. कापडाला धरत होती ती मधली पेरं, आणि तीही धरत नव्हती, नुसती टेकली होती. निसरड्या कापडावर जोर दिला की टीप वाकडी जाते, हे त्या तीस वर्षं शिकाऊ मुलींना सांगत आल्या होत्या.

त्यांनी मशीन थांबवलं. कोट तसाच सुईखाली ठेवून पावा पिशवीतून काढला. वरच्या हाताची बोटं आडवी टाकली, टोकं भोकांच्या पलीकडे जाऊ दिली आणि मधल्या पेरांच्या मांसल भागाने भोकं झाकली. खालच्या हाताचंही तसंच, फक्त तिसरं बोट आखूड म्हणून त्याचं टोकाचं पेर. मनगट सरळ. अंगठा नळीच्या मागे खाली, पहिल्या दोन बोटांच्या मधोमध, पाव्याला पकडण्यासाठी नव्हे तर टेकू म्हणून. कोपरं थोडी बाहेर. करंगळी पाव्यावर मोकळी.

फुंकर घातली. पहिल्यांदा हवाच गेली. दुसऱ्यांदा तिसरं बोट केसभर सरकवलं, आणि खालचा सूर लागला. मांडीवर ठेवलेली कात्री थरथरली.

यजमान आतून म्हणाले, "कोण आलंय?"

"कुणी नाही," वहिनी म्हणाल्या. आणि त्या दिवशी त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

आता गोष्टीतला वाईट भाग. पुढच्या बुधवारी नणंद समारंभासाठी आपलं जॅकेट घेऊन खाली आली, बाह्या थोड्या वाढवून हव्या होत्या. वहिनींनी टेप काढला. खांद्यापासून मनगटापर्यंत मोजलं, आणि मग हात थांबला नाही. टेप मनगटावरून पुढे सरकून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत गेला.

"वहिनी, बाही बोटांपर्यंत ठेवताय का? फोन कसा उचलू?"

वहिनी म्हणाल्या, अंदाज घेतेय. त्यांच्या स्वतःच्या हातापेक्षा पाऊण इंच जास्त भरलं. तेवढ्यात दोन गोष्टी त्यांच्या नजरेत आल्या. शिवणारीचीच नजर ती, टाका सुटलेला लांबून दिसतो. एक म्हणजे नणंदेच्या बोटांच्या अगदी टोकांवर लाल गोल वण. म्हणजे ही बाईही टोकांनीच वाजवत होती. बोटं लांब म्हणून पोचत होती, पण ताणून, दाबून. दुसरं, टेप मनगटावर जरासा आवळला तशी ती हळूच श्वास ओढून थांबली.

"दुखतंय का गं?"

"दिवसभर टाइप करते ना," नणंद म्हणाली.

वहिनींना नीट कळलं. टायपिंगचं दुखणं नव्हतं ते. एक वाक्य पुरलं असतं: बोटं आडवी टाक, टोकं सोड, दाबू नकोस. ते वाक्य जिभेवर आलं आणि त्यांनी टाचण्या तोंडात धरल्या. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही, हे कुणालाही पटतं.

त्यानंतर दोन आठवडे त्या बोलल्या नाहीत. जिन्यात नणंद भेटली की तिच्या हाताकडे बघायच्या. एकदा तिने दुधाची पिशवी डाव्या हातात घेतली. एकदा चहाचा कप ठेवताना बशीत आवाज झाला. वहिनींना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली, सगळ्यांत खालच्या भोकाशी, थोडं बरंही वाटत होतं. स्वतःचीच त्यांना शिसारी आली आणि तरी त्या गप्प राहिल्या.

ठरवायचा रविवार उजाडला. नळवाल्यांनी दोघींना तीच संथ सुरावट वाजवायला सांगितली, शेवटी खालचा सूर आठ मात्रा धरायचा. नणंद आधी. सुरुवात सुरेख झाली, वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. मग पाचव्या मात्रेला नणंदेचं खालचं बोट थरथरलं, हवा निसटली आणि सूर फुटला. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फुटला. मग ती हसून म्हणाली, आज हातच चालत नाहीये, आणि पावा वहिनींच्या हातात दिला.

वहिनींनी आठच्या आठ मात्रा धरल्या. नळवाले पुढे वाकून त्यांची बोटं पाहत राहिले. "हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. मी बोटं आडवी ठेवा म्हणून कितीदा ओरडतो, एकाच्या डोक्यात शिरेल तर शपथ, असंही ते पुटपुटले. वहिनींना तेव्हा आठवलं, ते खरंच म्हणायचे. त्यांना वाटायचं, ते दुसऱ्यांसाठी आहे.

मोठा पावा वहिनींना मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नणंदेने सगळ्यांत जास्त, डाव्या हाताने उजव्या हाताच्या पाठीवर.

घरी येताना दोघी एकाच जिन्याने चढत होत्या. वहिनींच्या दाराशी नणंद थांबली. "वहिनी, मला ती पकड दाखवाल का? तुमच्याकडून काढून घ्यायला नाही हो. नुसतं कळायला हवं."

कुलूप उघडता उघडता, पाठमोऱ्याच, वहिनी म्हणाल्या, "तुझं मनगट का दुखतंय ते मला जॅकेटच्या दिवसापासून माहीत होतं."



"मग सांगितलं का नाहीत?"

"मला तो पावा हवा होता."

नणंद पायऱ्यांकडे वळली. वर निघून गेली. तिच्या दाराचा आवाज झाला, मोठा नाही, नेहमीचाच. वहिनी दुकानात येऊन बसल्या आणि जॅकेटच्या बाह्या उसवून पुन्हा शिवल्या, गरज नसताना.

चार दिवस वरून खाली कुणी आलं नाही. यजमानांनी विचारलं, काय बिनसलंय. वहिनींनी सगळं सांगितलं, पदरचं काही न घालता. यजमान डोळ्याचं भिंग न काढताच त्यांच्याकडे बघत राहिले, आणि त्यांना एकही विनोद सुचला नाही. तेच वहिनींना सगळ्यांत जड गेलं.

पाचव्या दिवशी नणंद खाली आली, मनगटाला पट्टा बांधून. चहा नको म्हणाली. स्टुलावर बसली आणि हात पुढे केला. "दाखवा."

वहिनींनी दाखवलं. तिची लांब बोटं एकेक करून पाव्यावर आडवी टाकली, टोकं पलीकडे सोडली, पेरं भोकांवर बसवली, वर चढलेला अंगठा खाली टेकवला. दाबू नकोस, निसरडं कापड आहे असं समज. नणंदेने हलकेच फुंकर घातली. पहिल्याच फुंकरेला सूर आला. वहिनींच्या सुरापेक्षा भरदार, जास्त खोल. वहिनींच्या पोटात तीच जुनी कळ उठली, जराही कमी नाही.

"बरं वाटतंय हाताला," नणंद म्हणाली. इतकंच. ती माफी होती की नव्हती, ते वहिनींनी विचारलं नाही.

समारंभात मोठा पावा वहिनींनीच वाजवला, नणंद शेजारी छोटा घेऊन बसली. त्यानंतरचा आठवडा नणंदेचा होता. सोमवारी सहाला छतातून सूर आला. वहिनी अस्तर शिवत होत्या. त्यांनी पाय थांबवला, ऐकलं. सूर सुंदर होता, अगदी जीव जाळणारा. आणि त्यात, अगदी बारीक, एक घासल्यासारखा आवाज होता.

"ऐकलंत?" त्या यजमानांना म्हणाल्या. "अंगठा पुन्हा वर घेतलाय हिने. उद्या परत मनगट धरून बसेल."

"मग उद्या सांग."

वहिनींनी तोंडात धरायला उचललेल्या टाचण्या परत टाचण्यांच्या उशीला टोचल्या, आणि चपला न घालताच जिना चढू लागल्या.