रुईच्या वखारीत मिस्सा

अकोल्यात मिस्सेसाठी, म्हणजे आमच्या उपासनेच्या विधीसाठी, जागा मी मिळवून देतो, असं मी म्हणालो तेव्हा खरं तर मला कोणी विचारलंच नव्हतं. पादरीबाबा खोगीर दुरुस्त करता करता स्वतःशीच काही पुटपुटत होते, मी शेजारी उभा होतो, आणि नुसतं उभं राहणं मला जन्मात कधी जमलेलं नाही.

मी मूळचा वसईचा. आमच्याकडे ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांच्या काळापासूनचा, त्यामुळे नमो मारियाची प्रार्थना मला बोलायला येण्याआधी येत होती, असं आई म्हणायची. पादरीबाबा फ्रान्सचे. त्यांच्या वाट्याला सगळा वऱ्हाड आणि हाताशी एक म्हातारं तट्टू. म्हणून त्यांनी मला प्रार्थना शिकवणारा मास्तर म्हणून आणलं आणि अमरावतीच्या परकोटाबाहेर एका खोलीत ठेवलं. आमची माणसं विखुरलेली. मद्रासी पलटणीतून सुटलेले शिपाई, साहेबांकडचे गोव्याचे आचारी, रुळाच्या कामावर आलेले वसईचे सुतार. त्यांना हुडकायचं, मुलांकडून प्रार्थना पाठ करून घ्यायच्या, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, मेलेल्याला माती द्यायची. पादरीबाबा वर्षातून एक दिवस ज्या गावी जातील, त्या गावी बाकीचं वर्ष मी. हे काम मी कसं केलं ते देवाला ठाऊक, आणि त्याने अजून तक्रार केलेली नाही.

दिवस कापसाच्या तेजीचे. तिकडे अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि इकडे वऱ्हाडात घरोघरी कापूस मावेना. माणसं ओसरीवर झोपत आणि कापूस माजघरात. धर्मशाळेत कापूस, गोठ्यात कापूस. एका गावात तर मी पाटलाकडे उतरायला जागा मागितली, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, तुमी कापूस असते तं घेतलं असतं."

अशा दिवसांत अकोल्यात चाळीसेक माणसांच्या मिस्सेला जागा मी मिळवून देणार होतो.

जागा का हवी, तर एका म्हातारीसाठी. रुळाच्या पुलावर काम करणाऱ्या वसईच्या एका सुताराची ती आई. मुलगा आणि सून यांच्यामागून बैलगाडीने एवढ्या लांब आलेली. ईस्टरच्या काळात वर्षातून एकदा तरी कुमसार करायचं, म्हणजे पादरीपुढे पापं सांगायची, आणि ख्रिस्तशरीर घ्यायचं, म्हणजे जिच्यातून ख्रिस्तच आपल्या आत येतो ती मिस्सेतली पवित्र भाकर खायची, हा आमचा नेम. आदल्या वर्षी हा काळ तिचा प्रवासात गेला होता. या वर्षी हिवाळ्यापासून तापाने तिला पार वाळवलं होतं. मी अकोल्याला गेलो की ती खाटेवरून एकच विचारायची.

"मास्तर, पादरी कधी येणार?"

"ईस्टरनंतरच्या आठवड्यात, आजी."

"तोवर मी राहीन. पण तुम्ही त्याला येऊ द्या म्हणजे झालं. दुसरं वर्ष चुकवून मी वर गेले, तर आमचा म्हातारा दारातच विचारील, काय गे, वऱ्हाडात जाऊन बाटलीस काय?"

तिची झोपडी इतकी लहान, की तिच्यात वेदी मांडली तर म्हातारीला बाहेर काढावं लागलं असतं. म्हणून मी गावभर फिरलो. शेवटी एका शेटजींच्या वखारीशी पोचलो. त्यांना सगळं सांगितलं. ते भले माणूस. म्हणाले, "देवाचं काम आहे ना? मग पुढच्या अंगाची जागा मोकळी करून देतो. दुपारपर्यंत वापरा."

मी हवेत. आदल्या दिवशी दुपारीच वखारीत जाऊन मी मांडणी केली. दोन गाठी एकावर एक ठेवून वेदी. मागे छपरापर्यंत रुईच्या गाठी, पांढऱ्याशुभ्र. सुताराने केलेला क्रूस मधोमध. मी मागे सरून पाहिलं आणि मला वाटलं, रोममध्येसुद्धा एवढी पांढरी वेदी नसेल. संध्याकाळी मी आमच्या सगळ्या माणसांना उपासाबद्दल पुन्हा बजावलं. ख्रिस्तशरीर घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. "वऱ्हाडचं ऊन आहे म्हणून देव नियम बदलत नाही," हेही वर. बोलताना माझा आवाज फार छान लागला होता.

सकाळी सगळे जमले. म्हातारीला मुलाने आणि सुनेने खाटेसकट आणली. तिचं कुमसार पादरीबाबांनी बाहेर लिंबाखाली ऐकलं. मग बाकीच्यांचं. वर्षभराची पापं, त्यामुळे वेळ लागला. ऊन चढलं. पादरीबाबा झगा चढवून वेदीपुढे आले आणि मी डौलात नागपूरहून आणलेल्या मेणाच्या दोन मेणबत्त्या रुईच्या गाठीवर ठेवल्या, चकमक काढली आणि एक ठिणगी पाडली.

"ओ! ओ मास्तर!"

वखारीचा राखणदार असा धावत आला की त्याचं पागोटं मागे राहिलं. त्याने माझ्या हातातली चकमक हिसकावली.

"काय करून राह्यले तुमी? रुईत इस्तो? शेटचं घरदार हाये हे! इथं चिलीम वढली म्हून माह्या सख्ख्या साळ्याले हाकललं!"

"अहो, मिस्सेला दिवा लागतो."

"भर दिवसा? तुमच्या देवाले दिसत नाही का?"

मी पादरीबाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छपरापर्यंत रचलेल्या रुईकडे. जळत्या मेणबत्तीशिवाय मिस्सा होत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. मीच ती पेटवत आलो होतो. आणि मीच वऱ्हाडभरातून नेमकी ती जागा शोधून काढली होती, जिथे काडी पेटवणं हा सगळ्यात मोठा गुन्हा.

"मास्तर," पादरीबाबा त्यांच्या पुस्तकी मराठीत शांतपणे म्हणाले, "आपण स्थान अत्यंत सुंदर निवडले आहे. केवळ येथे मिस्सा करता येत नाही."

दुपारी बारानंतर मिस्सा सुरू करता येत नव्हती, आणि तिसऱ्या प्रहरी त्यांना मूर्तिजापूरच्या वाटेला लागायचं होतं. आमच्या माणसांत कुजबुज सुरू झाली. म्हातारीने डोळे उघडले. ओठ सुकून पांढरे पडलेले. सुनेने पाण्याचा लोटा पुढे केला.

"नको."

पादरीबाबा तिच्या खाटेशी गुडघ्यावर बसले. त्यांनी तिला हळू आवाजात सांगितलं, की मरणाला टेकलेल्या माणसाला उपासाची सूट असते. ती पाणी पिऊ शकते, आणि नंतर ते तिला शेवटची शिदोरी म्हणून ख्रिस्तशरीर देऊ शकतात.

म्हातारी कोपरावर उठली. "कोण मरणाला टेकलं?"

तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"मेल्यावर द्यायचं ते मेल्यावर द्या. मी ईस्टरचं घ्यायला आलेय. सगळे जसे उपाशी घेतात तसं." मग ती माझ्याकडे वळली. "मास्तर, काल तुम्हीच सांगितलंत ना, ऊन आहे म्हणून देव नियम बदलत नाही? मग काय उभे राहिलात? जागा बघा!"

मी धावलो. कुठे धावायचं ते ठाऊक नव्हतं, पण त्या नजरेपुढे उभं राहण्यापेक्षा धावणं बरं. वखारीमागे मोर्णा नदीचं पात्र, कोरडं ठणठणीत. वाळूत आग लागायला काहीच नाही, पण वारा असा की मेणबत्ती सोडा, टोपी टिकेना. पात्राच्या काठाशी माल उतरवून रिकाम्या झालेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, सोडलेल्या होत्या. कापूस सांडू नये म्हणून बंडीला दोन्ही बाजूंनी तुऱ्हाट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचे, उंच तट्टे बांधतात, ते तसेच उभे होते. तिथे एक धुरकरी, म्हणजे गाडीवान, बैलांना बादलीतून पाणी दाखवत होता.

"दादा," मी धापा टाकत म्हणालो, "तुमच्या बंड्या हव्यात."

"कायले?"

"देवासाठी."

"देव कुठं जाऊन राह्यला?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मेणबत्ती, म्हातारी, बारा वाजायचे, वारा, सगळं एका दमात. त्याने ऐकून घेतलं, जरा विचार केला आणि हाळी दिली, "ओ बाप्पा! या रे सारे! पादरीबुवाच्या कीर्तनाले मांडव पायजे!" मग मला म्हणाला, "आमच्या गावात मांडव पुरला नाही तं आमी असंच करतो. तुमी काहून घाबरून राह्यले?"

बंड्या वाऱ्याच्या अंगाला गोल लावल्या. तट्टे सोडून फटी बुजवल्या. मीही एक तट्टा खांद्यावर घेतला. तो मधे वाकला, मी त्याच्याबरोबर वाकलो, आणि दोघेही वाळूत पडलो. धुरकऱ्याने मला उठवलं, कपडे झटकले आणि तांब्या पुढे केला. "घ्या, पाणी प्या." मी तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा अर्धा रिकामा केला.

खाली ठेवताना पाहिलं, तर म्हातारीची खाट पात्रात आणत होते, आणि ती थेट माझ्याकडे बघत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्ही प्यालात."

आमची सगळी माणसं हसली. काही मद्रासी, ज्यांना मराठी कळत नव्हतं, तीसुद्धा. वऱ्हाडात उपासाचा नियम शिकवणारा मी एकटा, आणि त्या दिवशी तो मोडणाराही मी एकटाच. माझं ईस्टरचं ख्रिस्तशरीर त्या दिवशी बुडालं. पण चेष्टेला वेळ नव्हता. सुताराने एका बंडीच्या जुवाखाली टेकू दिला, उताराच्या बाजूला ढलप्या सारल्या, आणि तिची फळी सपाट करून वेदी केली. पादरीबाबांनी तिच्यावर वेदीला लागतो तो अभिषेक झालेला लहानसा दगड ठेवला, वर पांढरं कापड पसरलं. मी मेणबत्त्या लावल्या. एक विझली. पुन्हा लावली. दुसरी विझली. धुरकऱ्यांनी आणखी दोन तट्टे आणून लावले. तिसऱ्या खेपेला दोन्ही ज्योती हलल्या, वाकल्या आणि उभ्या राहिल्या.

"सुरू करा, बाबा," म्हातारी म्हणाली. "परत विझायच्या आत."

वखारीचा राखणदारही आला होता. वाऱ्याने ठिणगी वखारीकडे जाऊ नये म्हणून तो भरलेली घागर घेऊन वेदीच्या शेजारीच उभा राहिला, आणि मिस्सा संपेपर्यंत त्याने मेणबत्त्यांवरची नजर हलवली नाही. इतक्या भक्तिभावाने वेदीकडे पाहणारा माणूस मी तरी वसईतही पाहिला नाही. तट्ट्यांच्या फटींतून धुरकरी डोकावत होते. मी लॅटिनमध्ये उत्तरं देत होतो, आणि एक धुरकरी दुसऱ्याला समजावत होता, "संस्कृत आहे. आपल्याले नाही समजत."

पादरीबाबा घाई करत नव्हते. मला वाटत होतं, करावी. म्हातारीचा हात खाटेच्या कडेवरून लोंबत होता आणि मुलगा तो पुन्हा पुन्हा वर उचलून ठेवत होता. मी गुडघ्यावर बसून मनात एकच म्हणत होतो, देवा, जागेची चूक माझी, पाण्याची चूक माझी, तिच्या हिशेबात धरू नकोस. मी पुष्कळ प्रार्थना शिकवल्या आहेत, पण तेवढी धड प्रार्थना मी स्वतः क्वचितच केली असेल.

वेळ आली तेव्हा पादरीबाबा वेदीपासून खाटेशी आले. मुलाने तिला पाठीशी धरून बसवलं. तिने पदर डोक्यावर सारखा केला, लग्नातल्यासारखा. तोंड उघडलं. इतका कोरडा घास तिला गिळवेल का, याची मला धास्ती. तिने डोळे मिटले, मान थोडी वर केली, आणि बराच वेळ काही झालं नाही. मग गळ्याची शीर हलली.

सून रडायला लागली. बाकीच्यांनी ख्रिस्तशरीर घेतलं, मिस्सा संपली, पादरीबाबांनी आशीर्वाद दिला. मी लोटा भरून खाटेशी धावलो. या वेळी मात्र पहिला थेंब स्वतः प्यालो नव्हतो.

"आजी, झालं. आता पाणी घ्या."

तिचे ओठ हलत होते. प्रार्थना चालू होती. मी लोटा आणखी जवळ नेला. तिने डोळे न उघडता हाताने तो बाजूला सारला.

"थांबा की, मास्तर. पाहुणा आत्ताच घरात आलाय. त्याला दोन शब्द बोलू द्याल की नाही?"

मी लोटा धरून उन्हात उभा राहिलो. नुसता उभा.