घरचा लगाम

आमच्या तबेल्यात रोग चोरून शिरला नाही. आम्ही त्याला कुंकू लावून, ओवाळून आत घेतला. हे मी रागाने लिहिते आहे. राग ओसरायची वाट पाहिली तर हे कधीच लिहून होणार नाही.

मखमलाबाद रस्त्याला द्राक्षबागा संपून प्लॉटच्या पाट्या सुरू होतात, तिथे आमचा तबेला. बाबांनी उमेदीची वर्षं टांगा हाकला, नाशिकरोड स्टेशन ते पंचवटी. टांगे गेले तशा आमच्या घोड्या वरातीला लागल्या. माझं सासर सायखेड्याचं. तिथून मी दोन वर्षांत परत आले, ती कहाणी वेगळी. आले त्या सकाळी बाबांनी काही विचारलं नाही. हातात खरारा दिला आणि म्हणाले, "पांढरीला घास." घोडीचं अंग घासता घासता मी पोटभर रडले आणि दुसऱ्या दिवसापासून तबेला बघू लागले.

पांढरी म्हणजे आमची सगळ्यात जुनी घोडी. बाबांचा जीव तिच्यात. सकाळचा चहा ते तिच्यापाशी उभे राहून प्यायचे आणि बशीतला शेवटचा घोट तिला द्यायचे. त्यावरूनही माझी कटकट असायची.

कटकट केली नाही तर चालेल कसं? वरातीतल्या माणसांबद्दल तर मला विचारूच नका. घोडीच्या पायाशी फटाक्यांची माळ लावतात आणि ती बिचकली की आम्हालाच म्हणतात, "शिकवलेली नाही का?" नवरदेवाच्या मावश्या तिला गुलाबजाम भरवतात. एकदा एका मामाने बाटली पुढे केली आणि म्हणाला, "हिलाही चालते ना थोडी?" घोड्याला उलटी होत नाही. जे आत गेलं ते आतच राहतं, आणि पोट फुगून जनावर तडफडायला लागलं की मामा तिथे नसतो. म्हणून मी दर वरातीला हातात काठी घेऊन घोडीच्या तोंडाशी चालते. लोकांना वाटतं, काठी घोडीसाठी आहे.

तबेल्यातले नियम मी जनावरांच्या डॉक्टरांकडून शिकले. सकाळी आधी लीद बघायची, मग नाक, हिरड्या, खूर. संशय आला की ताप मोजायचा. प्रत्येक घोडीची बादली वेगळी, खरारा वेगळा, बादल्यांना वेगवेगळे रंग. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे नवीन जनावर आलं की ते तीन आठवडे मागच्या शेडमध्ये, एकटं. धाकटा भाऊ म्हणायचा, "ताई, तू दवाखानाच उघड." बाबा म्हणायचे, "आमच्या टायमाला कुठं व्हतं थर्मामीटर? जगलेच ना घोडे?"

"जगलेले तुम्हाला आठवतात, मेलेले नाही," मी एकदा फाडकन म्हणाले. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा.

परवाच्या मार्गशीर्षात भाऊ तापीकाठच्या यात्रेतून एक अबलख घोडी घेऊन आला. अंगावर काळे-पांढरे मोठे डाग, मान अशी की रस्त्यावरचे लोक थांबून बघतील. आणली कशातून, तर देवळ्याच्या कांद्याच्या टेम्पोतून. पायाखाली कांद्याची टरफलं, डोळ्यांतून पाणी. नाकातूनही थोडं पाणी होतं. भाऊ म्हणाला, कांद्याने झालं असेल. मी तिला सरळ मागच्या शेडमध्ये नेलं.

थोड्या वेळाने बघते तर बाबा हौदापाशी बादली भरून उभे. आमच्याकडे नवीन घोडीला पहिलं पाणी घरच्या हौदातलं पाजतात, त्याशिवाय ती घरची होत नाही. खरं तर त्यांना तिलाच हौदावर आणायचं होतं, पण माझ्या धाकाने त्यांनी निदान बादली भरली होती, आणि तीही पांढरीची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मी ओरडले. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं, असं बापाला म्हणाले. बाबांनी बादली जमिनीवर ओतून दिली. मग हळूच म्हणाले, "बरं, पाणी नको. लगामाचं तरी करशील का? त्यो लेकीचा मान हाय."

लगामाचं सांगायला हवं. आजोबांच्या पहिल्या टांग्याच्या घोड्याचा पितळी कडीचा लगाम आमच्या घरात आहे. तो वापरात नाही. देवघराशेजारी खुंटीला असतो, दसऱ्याला त्याला झेंडू वाहतात. नवीन घोडी आली की घरच्या लेकीने तिला ओवाळायचं, तो लगाम क्षणभर तिच्या तोंडात द्यायचा, मग तसाच नेऊन सगळ्यात जुन्या घोडीच्या तोंडात द्यायचा. म्हणजे दोघी एका घरच्या झाल्या, एकमेकींना लाथा मारणार नाहीत.

पाण्याची लढाई मी जिंकले होते. जिंकलेलं माणूस उदार होतं. शिवाय सासरहून परत आलेल्या लेकीला घरात कुठला मान उरतो? हा एक उरला होता. मी ताट केलं, अबलखला कुंकू लावलं, लगाम दिला. तो ओढणीने पुसला आणि पांढरीला दिला. पांढरीने तो शहाण्यासारखा घेतला आणि माझ्या खांद्यावर नाक घासलं. लगाम पुन्हा खुंटीला गेला.

सहाव्या दिवशी अबलखला ताप भरला. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, जबड्याखाली लिंबाएवढ्या गाठी. मी भावाला म्हणाले, "बघितलंस? म्हणून वेगळी ठेवायची असते." मला त्या क्षणी काळजीपेक्षा फुशारकीच जास्त होती, हे आज लिहिताना मला माझीच लाज वाटते. दोन दिवसांनी पांढरीने सकाळचा चहा घेतला नाही. बाबा बशी धरून उभेच होते. मी थर्मामीटर लावला आणि आकडा बघून लगेच डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टर आले. घशात गाठी येणारा हा आजार, एकीचा दुसरीला लागतो, म्हणाले. तरण्या घोडीची गाठ पिकून फुटेल आणि ती उठेल, म्हाताऱ्या घोडीचं सांगता येत नाही. मग वहीवर पेन टेकवून त्यांनी विचारलं, "दोघींच्यात सामाईक काय काय होतं?"

मी बोटं मोजत सांगू लागले. बादली वेगळी, खरारा वेगळा, दोर वेगळा, मी स्वतः हात धुऊन जाते. सगळं वेगळं होतं, डॉक्टर, सगळं.

"पानी," बाबा मागून म्हणाले. "म्या पाजलं. ही नसताना. पांढरीच्या बादलीतून."

मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. "तुम्हीच मारताय तिला," हे बोलले, तेवढं लिहिते. डॉक्टरांसमोर बोलले. आणि वर शिक्षा दिली. पांढरीच्या खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. "तुमच्या हातांवर माझा विश्वास नाही. बाकीच्या घोड्यांत तुम्ही फिरता. हिच्याजवळ यायचं नाही." भाऊ मध्ये पडला तर त्यालाही फटकारलं.

त्यानंतरचे दिवस मी रागावर काढले. गाठ शेकायची, गव्हाचा कोंडा गरम पाण्यात कालवून पातळ करून द्यायचा, नाक पुसायचं, पुसलेली फडकी जाळायची. तबेल्यातली प्रत्येक वस्तू, बादल्या, दोर, वरातीचे चारही लगाम, मी औषधाच्या पाण्यात बुडवून घासले. हाताची सालं निघाली. थकून बसावंसं वाटलं की बाबांची ती भरलेली बादली आठवायची आणि मी तिरीमिरीत उठायचे. बाबा रोज सकाळी चहा घेऊन कुंपणाच्या फाटकापाशी यायचे. तिथून पांढरीचं फक्त कपाळ दिसायचं. चहा संपला की शेवटचा घोट बशीत तसाच ठेवून परत जायचे. मी त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाही.

अबलखची गाठ फुटली, ती उठली, चारा मागू लागली. पांढरीची गाठ आत, घशाकडे वाढली. तिला कोंडा गिळवेना, मग पाणी गिळवेना, श्वासाचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायला लागला. डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं. एका दुपारी तिने माझ्या मांडीवर मान टाकली. मी भावाला हाक मारली. बाबांना हाक मारली नाही. ते फाटकापाशीच होते.

चार महिने मी बाबांशी कामापुरतं बोलले. चैत्रात भावाने वणीकडच्या एका शेतकऱ्याची शांत, तपकिरी घोडी आणली. तिला मी मागच्या शेडमध्ये बांधलं आणि ओवाळायचं ताट करायला घरात आले, तर देवघराशेजारची खुंटी रिकामी. मागच्या अंगणात बाबा चुलीपुढे बसलेले. आंघोळीच्या पाण्याच्या पातेल्यात पाणी खदखदत होतं आणि त्यात आजोबांचा लगाम होता.

मी पातेल्याकडे बघत राहिले. पितळी कडी खाली-वर होत होती. मी तबेल्यातली वस्तू न् वस्तू घासली होती, आणि हा लगाम वस्तूंमध्ये मोजलाच नव्हता, कारण तो देवाशेजारी होता. अबलखच्या तोंडातून पांढरीच्या तोंडात तो माझ्या हातांनी गेला होता. मी ओढणीने पुसला होता.

"तुम्ही पाणी पाजलंच नव्हतं," मी म्हणाले.

बाबांनी चुलीतलं लाकूड सारखं केलं. "नाय."

"मग म्हणालात का? तिच्याजवळ बसूही दिलं नाही मी तुम्हाला. का म्हणालात?"

मी ओरडतच होते. मला दुसरं काही येत नाही. ते नेहमीसारखे शांतपणे म्हणाले, "डाक्टरनं इचारलं तवाच मला लगाम ध्यानात आला. म्हनलं, हिला आत्ता कळलं त ही रडत बसंल. आन तू रडत बसली असती त घोडीकडं कोन पाहनार व्हतं? माझ्यावर वरडत व्हती तवर उभी त व्हती."

मला त्यांचा इतका राग आला, इतका आला, की तो कुठे ठेवावा ते कळेना. अजून कळत नाही. त्यांनी चिमट्याने लगाम बाहेर काढला, गार व्हायला परातीत ठेवला आणि म्हणाले, "आता नव्या घोडीच्याच तोंडात दे. पांढरीवानी जुनी कोनी ऱ्हायली नाय."