मास्तरांना खात्री हवी

आमचे दाजी केसरीनाथ मास्तर भिवंडीत ब्रास बँड चालवायचे; पण वाजवण्यापेक्षा त्यांचा वेळ वाजवणारे गोळा करण्यातच जायचा. वाजवणारे सगळे कापडाच्या लूमवर कामाला. लग्नाच्या तारखेला कोण दिवसपाळीला, कोण रातपाळीला, हे बघूनच सुपारी घ्यायची. कुणी "ड्युटी हाय" म्हणाला की दाजी थेट कारखान्यावर जाऊन विचारायचे. एकानं बाप वारल्याचं कळवलं, तर अंत्यदर्शनाच्या निमित्तानं खात्री करून आले. मी त्यांचा मेव्हणा आणि साइड ड्रमवाला. मी हसायचो, आणि त्यांना न्यायला स्कूटरही मीच काढायचो.

दोन हजार पाच साली मानकोलीच्या लडकूशेठनी मुलीच्या लग्नाला आम्हाला ठरवलं, ते केवळ आमच्या खालिदच्या ट्रम्पेटसाठी. तो नसेल तर तुमचा बँडही नको, असं तोंडावर सांगितलं. दाजींनी खालिदला फोन लावला, तर तो म्हणाला, "त्या शुक्रवारी ड्युटी हाय, मास्तर."

शुक्रवारी त्याचा कारखाना बंद असायचा.

"फुटला!" दाजी उसळले. "कुनीतरी फोडलाय त्याला."

मग त्यांना सगळंच आठवू लागलं. महिनाभर खालिद सरावाला आला नव्हता. गल्लीत दिसला तरी तोंडाला रुमाल, नुसती मान हलवून सटकायचा. लूमवाले धुरळ्यासाठी रुमाल बांधतातच, पण दाजींना आता तो चोर दिसू लागला. मलाही दिसला, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात आमच्या क्लॅरोनेटवाल्या धनेशनं खबर आणली, की वाडा तालुक्यातल्या एका बँडमध्ये खालिदला पाहिलं, आणि तो बँड उद्या अंबाडीला वाजवणार आहे. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही अंबाडी गाठली.

वरात बाजारातून चालली होती. शेवटच्या रांगेत परक्या बँडच्या लाल कोटात खालिद, तोंडाला रुमाल. दाजी रांगेत घुसले आणि त्याचा दंड धरला.

"सापडलास! ट्रम्पेट कुठं हाय?"

खालिदच्या हातात खुळखुळे होते.

"दात गेले, मास्तर," तो रुमालाआडून बोबडं बोलला. "लूमवरचा धोटा उडून तोंडावर बसला. आता फुंकच निघत न्हाय. तुमच्याकडं येऊन हे कसं हलवू? तिथं सगळे मला ट्रम्पेटवाला म्हनून वळखतात."

इथं तरी थांबायला हवं होतं. पण दाजींच्या तोंडून निघून गेलं, "रुमाल काढ. बघू."

वाजवणारे थांबले होते, वऱ्हाडी माना उंचावून बघत होते. खालिदनं रुमाल खाली ओढला आणि तोंड उघडलं. वरचे पुढचे दात नव्हते, ओठावर टाक्यांचा वण होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाजींनी दंड सोडला. मानकोलीची सुपारी गेली, हे त्यांना कळलं असणार, पण तिचं नावही त्यांनी काढलं नाही. नुसतं म्हणाले, "अरे, मला सांगायचंस तरी."

खालिदनं रुमाल पुन्हा बांधला.

"आत्ता सांगितलंच की, मास्तर."