माहेरचं बोल

बांगड्या भरायला बसलं की हात दुसरीच्या ताब्यात असतो आणि तोंड मोकळं राहतं. म्हणून आमच्या गल्लीतले निम्मे किस्से शमीमभाभीच्या पाटीभोवतीच जन्माला आले. मी पडले उपासतापासाची बाई. सण आला की हात भरणार, त्यामुळे माझ्या वाट्याला ते जरा जास्तच आले.

भाभी आमची मण्यारीण. देवीच्या देवळाच्या पायरीवर आधी तिचे वडील बसायचे, मग ती बसू लागली. लग्नही गावातच, चुलत घरी झालं. सासर आणि माहेर यांच्यात एक भिंत.

तिची पद्धत अशी. सासूचं नाव निघालं की बाईचा हात कडक होतो आणि माहेरचं निघालं की मऊ पडतो. म्हणून बांगडी अंगठ्याच्या हाडावरून पलीकडे जाईपर्यंत ती फक्त माहेरचं विचारते.

"वैनी, भावाची म्हैस व्याली का वं?"

आपण म्हशीचं सांगत बसतो, तोवर बांगड्या मनगटावर. मग आपण तिला वाकून नमस्कार करायचा आणि तिने एक बांगडी वरून द्यायची, देवीच्या नावाची. जुनीच रीत आहे ही.

•

एकदा रमजानात माझी चतुर्थी आली. मी भाभीकडून माझ्या ओसरीवर हात भरून घेत होते, आणि शेजारच्या कल्पनाने कौतुकाने दोघींसाठी चहा आणला. भाभीचा रोजा, माझा कडक उपास. चहाकडे दोघी बघत राहिलो.

"भाभी, तुमचं बरं आहे," मी म्हटलं. "सूर्य बुडाला की सुटता. आम्हाले चंद्राची वाट पाहा लागते."

"ईदले आमीबी त्याचीच पाह्यतो," भाभी म्हणाली.

तेवढ्यात प्रमोद आला, देवस्थान समितीचा अध्यक्ष. दोन्ही चहा त्याने प्यायले आणि उपासाचं महत्त्व सांगून गेला.

•

हीच कल्पना पुढे मोबाईल घेऊन हात भरायला बसली. एक हात भाभीकडे, दुसऱ्यात व्हॉट्सॲप. आलेला मेसेज ती मोठ्याने वाचते, ही तिची सवय. "'बंधू-भगिनींनो, सणासुदीचं सामान त्यांच्या दुकानातून…'" इथपर्यंत वाचलं आणि तिला कळलं आपण काय वाचतोय.

"पुरं वाच," भाभी म्हणाली. "तोवर ही एक जाते."

"नाही, ते… नेटवर्क गेलं."

"मग हात तरी ढिला सोड."

•

प्रमोद माणूस वाईट नाही. सव्वीस जानेवारीला शाळेत संविधानाची उद्देशिका तोच वाचतो. 'धर्मनिरपेक्ष' शब्दावर आम्ही सगळ्या अडखळतो, त्याची जीभ कधी अडकत नाही.

त्यानेच गेल्या नवरात्राच्या आधी देवळावर बोर्ड लावला. आवारात इतर धर्मीयांनी दुकान मांडू नये. बोर्ड लावून तो भाभीला समजवायला स्वतः आला.

"भाभी, तुमच्याविषयी मनात काही नाही हो. बोर्ड सगळ्यायसाठी आहे."

"देवळापाशी दुसरं कोण बसते, बापू?"

प्रमोदने विचार केला. "सध्या तुमीच," तो म्हणाला.

भाभीने पाटी उचलली आणि रस्त्यापलीकडे निंबाखाली जाऊन बसली. तिथून बायांना हाक ऐकू जात नाही. नवरात्रातल्या धंद्यावर तिच्या घराचा हिवाळा निघतो. मी देवीला नवस बोलले, ती पायरीवर परत बसेपर्यंत गोड खाणार नाही. घरी विचारलं, नवस कशासाठी? म्हटलं, बांगड्यांसाठी. घरच्यांना वाटलं सोन्याच्या.

•

घटस्थापनेला प्रमोदच्या बायकोने खामगावहून तयार बांगड्या आणवल्या. साबण लावून चढवल्या. चढल्या, पण हात सुजला आणि उतरेनात. संध्याकाळी ती पदराखाली हात झाकून भाभीच्या मागच्या दाराने गेली. भाभीने हातावर प्लास्टिकची पिशवी ओढली आणि एकेक अलगद उतरवली.

"भाभी, आमच्या यायले सांगजो नको."

"मी कोठं सांगू? मले तं तिकडं येऊ देत नाही."

•

आता अष्टमीचं. आमच्याकडे त्या दिवशी आधी गावच्या लेकींची ओटी भरतात. ती भरल्याशिवाय आम्ही सुनांनी देवीपुढे नारळ ठेवायचा नाही. ओटी भरायचा मान जनाकाकूंचा, म्हणजे प्रमोदच्या आईचा.

प्रमोदने दरवर्षीसारखा माईक घेतला. "आधी गावच्या लेकी पुढं या. सुना मांगं थांबा."

आम्ही मागे थांबलो. पुढे कोणीच आलं नाही. सोयाबीन काढणीत सगळं रान गुंतलेलं, त्या वर्षी एकही लेक माहेरी पोचली नव्हती. प्रमोदने पुन्हा पुकारलं. रांगेत मी मोताळ्याची, कल्पना संग्रामपूरची, सगळ्या अशाच बाहेरून आलेल्या. आरती खोळंबली. माझा नारळ हातात जड व्हायला लागला.

जनाकाकूंनी रांगेवरून नजर फिरवली. मग ओटीचं ताट घेऊन पायऱ्या उतरल्या, रस्ता ओलांडला आणि निंबाखालून भाभीला दंडाला धरून घेऊन आल्या. पाटीसकट. पायरीवर बसवलं, बोर्डाच्या बरोब्बर खाली.

"आई, काय करून राह्यली तू?" प्रमोद म्हणाला.

"तूच तं बोलावलं," काकू म्हणाल्या.

त्यांनी कुंकवाचा करंडा उघडला, भाभीच्या कपाळाकडे पाहून थांबल्या आणि झाकण परत लावलं. नारळ आणि तांदूळ भाभीच्या पदरात घातले. मग तिच्याच पाटीतल्या दोन हिरव्या बांगड्या उचलल्या आणि तिचा हात हातात घेतला. बांगडी अंगठ्यापाशीच अडली.

"कडक करून राह्यली तू हात," काकू म्हणाल्या. "ढिला सोड. माहेरचं काही बोल."

माईक चालूच होता.

"काय बोलू काकू," भाभी म्हणाली. "तिथंच तं बसली हावो."