मागच्या भिंती तपासणारे

"समोरून घर पाव्हण्यानं बघावं, आमी मागून," असे म्हणत ते घराला वळसा घालायचे आणि मागच्या भिंतीवरून हात फिरवायचे.

निजामाचे राज्य होते. मी हिंगोलीत ठाण्यावर तक्रारी लिहून घेणारा मुन्शी होतो. घरफोड्या वाढल्या म्हणून गावात कंदील लागले, गस्तीची माणसे वाढली. वर्षभराने त्याचा उपयोग किती झाला ते पाहायला जिल्ह्याच्या कचेरीने या जवळच्याच गोरेगावकडच्या कारकुनाला पाठवले. माझ्या वहीत वर्षाच्या दोनच चोऱ्या. त्यांनी वही चाळून मिटली.

"अक्षर झकास हाये, मुन्शीजी. चला, आता गाव बघू."

आमच्याकडची मातीची घरे तुम्ही पाहिली असतील. चोर कुलपाच्या वाटेला जात नसे. मागची भिंत उकरून आत शिरायचा. सकाळी घरची बाई ते भोक चिखलाने बुजवून सारवायची, पण ठिगळ लपत नसे. हे गृहस्थ ती ठिगळे शोधत होते.

एका म्हाताऱ्या सुतारणीने हटकले, "काहून भिंत चाचपून राहिला, बाबा? म्हैस हाये का ती?"

"म्हैस असती तर दूध दिलं असतं, मावशी. इथून काय गेलं?"

"हंडा अन् दोन लुगडी. जातं ठेवलं मेल्यानं, जड व्हतं."

"ठाण्यात सांगितलं न्हाई?"

"सांगितलं की. मुन्शी म्हणला, उद्या ये. आठ दिस त्याचा उद्याच सरंना." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्योच त्यो."

ते इतके हसले की दारातली शेळी उठून गेली.

कंदील लागल्यावर चोऱ्या कमी दिसल्या पाहिजेत, अशी आमच्या अमीनसाहेबांची, म्हणजे ठाण्याच्या अधिकाऱ्यांची, ताकीद होती. मी तक्रारीच लिहीत नव्हतो.

कारकुनांना अशा नऊ भिंती सापडल्या, सगळ्या मागच्या बोळांत. कंदील मात्र बाजारात. "उजेड दुकानापुढं, चोर घरामागं. दोघांची गाठ कशी पडावी?" म्हणाले. कंदील बोळांत हलवा, असे त्यांनी अहवालात लिहिले.

अमीनसाहेब म्हणाले, भिंती पावसाने पडल्या. कचेरीत मला विचारले गेले. मी म्हणालो, "जी, पावसानेच."

बाहेर आल्यावर ते माझ्याजवळ थांबले. "औंदा पाऊस मोठा हुशार, मुन्शीजी. बराबर मागूनच लागला."

खोटा अहवाल दिला म्हणून त्यांची दूर बदली झाली. कंदील बाजारातच राहिले. पुढे बोळांत आणखी भिंती फुटल्या, त्याही मी लिहिल्या नाहीत. ते पुन्हा कधी भेटले नाहीत.

त्या नऊ भिंती चोरांनीच फोडल्या होत्या. सुतारणीचा हंडा आणि दोन लुगडी गेली. तिची तक्रार आज, इतक्या वर्षांनी, इथे लिहून घेतली आहे. अंगठा उठवायला ती नाही आणि तपासायला ते नाहीत.