मी खोटं वाचलेलं पुस्तक

बेटावरच्या भुताचं पुस्तक मी आयुष्यात एकच वाचलं, आणि तेही खोटं वाचलं. आता कुणी हौसेनं अंगावर काटा आणणारी कादंबरी माझ्या हातात दिली की माझं डोकं फिरतं. ज्यांच्या घरात काही घडलेलं नाही त्यांनाच ही चैन परवडते, असं मी तोंडावर सांगते. माणसं मग पुन्हा पुस्तक देत नाहीत आणि जेवायलाही बोलवत नाहीत.

आम्ही स्वतःच बेटावर राहत होतो. वैनगंगा एका ठिकाणी दोन फाट्यांनी वाहते आणि पुढं जाऊन पुन्हा एक होते. मधल्या उंचवट्यावर तीस-चाळीस घरं, धानाच्या बांध्या आणि एका खोलीची चौथीपर्यंतची शाळा. बाबा तिथले एकुलते एक मास्तर. उन्हाळ्यात वाळूतून, गुडघाभर पाण्यातून चालत पलीकडं जाता यायचं, पावसाळ्यात डोंगा, लाकडाची लहान होडी. पूर आला की डोंगाही बंद. चौथी झाल्यावर मी घरीच बसले होते, कारण पुढची शाळा नदीपलीकडं होती. हे ऐंशी सालानंतरचं, माझ्या बाराव्या वर्षातलं.

त्याच्या आदल्या वर्षी श्रावणात माझी दीड वर्षाची बहीण गेली. तिला हगवण लागली होती. संध्याकाळी आई म्हणत होती, आत्ताच पलीकडं न्या. बाबांनी काठावर जाऊन पाणी पाहिलं आणि म्हणाले, सकाळी उतरेल, सकाळी नेऊ. सकाळी पाणी खरंच उतरलं, पण पोरगी त्याआधीच गेली होती. लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. काठावरच्या जांभळाखाली तिला पुरलं, बाबांनी त्रिसरण म्हटलं. पंधरा दिवसांनी दुसरा पूर आला आणि तो काठच ढासळला. जांभूळ गेलं, खड्डा गेला. आईला जाऊन बसायला जागासुद्धा उरली नाही.

तेव्हापासून आई बाबांशी बोलायची नाही. "तुया बाबाले सांग, भात झाला," असं ती मला सांगायची, आणि बाबा दोन हातांवर बसलेले असायचे. मग मी ते वाक्य पुन्हा म्हणायचे, जणू ते बहिरे होते. बाबांनी आईला समजवायचे सगळे प्रयत्न केले, आणि सगळे मास्तरासारखे केले. घरात गंडा नाही, दोरा नाही, अंगात येणं नाही. आईनं पोरीच्या नावानं घास काढून ठेवला की ते तो उचलून कुत्र्याला घालायचे. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपन. गेलेलं मानूस येत नाई," हे ते भिंतीकडं बघून म्हणायचे. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्याचा काही उपयोग नव्हता.

गंमत अशी की भुतावर काडीचा विश्वास नसलेल्या या माणसाला भुताच्या कादंबऱ्यांचा भारी नाद. ब्रह्मपुरीला बस स्टँडजवळ भाड्यानं पुस्तकं देणारं एक दुकान होतं. डोंगा बंद होण्याआधी बाबा तिथून तीन-चार कादंबऱ्या आणून ठेवायचे. त्या वर्षी आणलेल्यांत एक होती, पुठ्ठ्यात शिवलेली, शेवटची पानं गायब. समुद्रातल्या एका बेटावर मिठागर असलेलं कुटुंब. नवरा-बायकोचं पटत नाही, त्यांची मुलगी बुडून मरते आणि एके दिवशी दार वाजवते.

दुपारी बाबा शाळेत असताना मी ती मोठ्यानं वाचत बसले होते. आई सुपात तांदूळ निवडत होती. मुलगी बुडाली त्या ओळीला तिचा हात थांबला.

"मंग?" ती म्हणाली.

वर्षभरात तिनं मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. भात झाल्याचा निरोप नाही, पाणी आण नाही. मंग. मी पुढची ओळ पाहिली. दार वाजवणारी ती मुलगी नव्हतीच. तिचा झगा घालून भलतंच काही आलं होतं, आणि आल्या दिवशीच त्यानं आजीचा गळा धरला. हे आईला वाचून दाखवायचं? मी पानाकडं बघत म्हणाले, "मग मुलगी घरात आली आणि म्हणाली, आई, भूक लागली."

आईला अक्षर येत नव्हतं. गावाला शिकवणाऱ्या मास्तरची बायको कागदावर अंगठा लावायची. बाबांनी शिकवायचं म्हटलं की ती चुलीत फुंकर मारत बसायची. त्यामुळं मला पकडणारं कुणी नव्हतं. रोज दुपारी मी डोळे त्या भयंकर पानांवर फिरवायचे आणि तोंडानं दुसरंच सांगायचे. पुस्तकात मुलगी एकेकाला संपवत होती, माझ्या वाचनात ती आंघोळ करत होती, रुसत होती, पाटावर बसून जेवत होती. आई माझ्या केसांतून हात फिरवत ऐकायची. मला त्या दुपारी फार सुख लागलं. ते सुख लबाडीचं होतं हे मला ठाऊक होतं, पण मी सोडायला तयार नव्हते. मलाही आई वर्षभरानं मिळाली होती.

पानं संपली तिथं मी थांबले. "फाटली आहेत," असं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण आई वाट बघत होती. मग मी शेवट रचला. ती मुलगी पाहुणीसारखी येऊन पुन्हा पाण्यात जाते. बाकी सगळे बेट सोडतात, आई तेवढी राहते. तीन पूर येतात. तिसरा ओसरला की मुलगी वाळूवरून चालत येते ती कायमची. कारण दारात ओळखीचं माणूस होतं, म्हणून तिला घर सापडलं.

आईनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि शेवटच्या पानावरून पंजा फिरवला. त्या संध्याकाळी तिनं बाबांना स्वतः वाढलं. बाबा इतके खूश झाले की मलाही वाटलं, आपण काहीतरी मोठं काम केलं.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांची बदली सिंदेवाहीला झाली. किती अर्ज केले होते त्यांनी त्यासाठी. तिथं दवाखाना होता, हायस्कूल होतं, मला तीन वर्षांच्या खंडानंतर पाचवीत बसायला मिळणार होतं. बाबांनी पेटी भरायला काढली. आई जागची हलली नाही.

"तुमी जा," ती बाबांना म्हणाली. "मी गेली तं पोरीले घर कसं सापडन? एक पूर होऊन गेला, दोन अजून बाकी हायेत."

बाबांना काही कळेना. त्यांनी मला बाहेर बोलावलं. मी रडत रडत सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते नुसते खाली बसले.

"त्यात तं ते पोरगी सगळ्याईले मारते," ते म्हणाले. "मी वाचली हाये ना." मग म्हणाले, "तूच सांग तिले. मायं आयकत नाई ते."

पुस्तक आमच्याकडंच होतं, बाबा परत करायचं विसरले होते. मी आईसमोर बसले आणि जसं छापलं होतं तसं वाचलं. गळा धरलेला वाचला, रक्त वाचलं. मग फाटलेली कड दाखवली आणि सांगितलं की पुढं काहीच नव्हतं, ते मी मनानं रचलं. बाबा दारात उभे होते. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ह्याच्यात छापलं नाई?" तिनं विचारलं.

"नाई."

"मंग तुले कोनं सांगितलं?"

"कोनीच नाई. मीच बनवलं, आई."

"तुले काऊन असं सुचन?" ती म्हणाली, आणि माझ्याकडं इतक्या मायेनं बघितलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "तीन पूर. दारात ओळखीचं मानूस. बारा वर्साच्या पोरीले असं येते काय बनवता? तिनंच सांगितलं तुले. तुया तोंडून बोलली ते."

मी बाबांकडं पाहिलं. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस दाराची कडी चाचपत होता. मला तर त्या क्षणी माझाच भरवसा वाटेना. कुठून सुचलं होतं मला ते?

जूनमध्ये पहिला पाऊस पडून नदी चढली तेव्हा आम्ही दोघं डोंग्यात बसलो. डोंगेवाले भाऊ म्हणाले, बाई येतीन मागून. आई काठावर उभी होती, पण ती आमच्याकडं बघत नव्हती. जांभूळ होतं त्या बाजूला बघत होती.

तिथल्याच एका घरानं तिला पडवी दिली. ती रोवणीला जायची, कापणीला जायची, काठावर बसायची. बाबा पहिल्या वर्षी दर महिन्याला गेले, दुसऱ्या वर्षी दिवाळीला. मग ते जेवताना फक्त विचारायचे, पाणी किती आलं असेल. मी हायस्कुलात मराठीला पहिली यायचे. गुरुजी वर्गात म्हणायचे, हिची कल्पनाशक्ती दांडगी आहे.

मधली दोन वर्षं पुराविना गेली. तिसरा पूर ओसरल्यावर मी एकटी गेले. नदीत मांडीभर पाणी होतं. पातळ वर धरून मी ते ओलांडलं आणि वाळूवरून चालत आले. आई पडवीत उभी होती. लांबून मला पाहिलं आणि ती धावली. इतक्या जोरानं ती कधीच माझ्याकडं धावली नव्हती. चार हातांवर आली आणि थांबली.

"तू होय," ती म्हणाली.

मग पाय धुवायला पाणी दिलं. आत दोन ताटं मांडलेली होती, भात वाढलेला, वर वांग्याची भाजी. मी भुकेली होते. एका ताटासमोर बसले.

"तिथी नोको बसू," आई म्हणाली. "थांब, तुले वेगळं वाढतो."